कार्पेटवर अंथरलेला गालिचा तुमच्याकडे जागेवर राहतो का?

माझा गालिचा चालतो. खरंच. भाड्याच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट ठोकलेलं आहे, त्यावर हौसेने पाच बाय आठ फुटांचा गालिचा घातला. सोमवारी सोफ्याला समांतर मांडला की शुक्रवारपर्यंत टीव्हीकडे वीतभर सरकलेला असतो, आणि मध्ये चुणी पडलेली असते ती वेगळीच. फरशीवर गालिचा घसरतो हे माहीत होतं. कार्पेटवर तो रांगतो हे या घरात कळलं. त्याच्याखाली भोकाभोकांची रबरी जाळी घालून पाहिली, तर तीही त्याच्याबरोबर निघाली. तुमचे अनुभव लिहा. काय फसलं ते आधी.

—

जाळी फसणारच. ती गुळगुळीत फरशी धरून ठेवण्यासाठी असते, कार्पेटवर तिला धरायला सपाट असं काही मिळतच नाही. मी या गालिच्यापायी दोन महिने घालवलेत, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी कार्पेटवरून हात फिरवा. एका दिशेने मऊ लागेल, उलट्या दिशेने हाताला अडेल आणि रंगही गडद दिसेल. म्हणजे लव एका बाजूला झुकलेली आहे. पाऊल पडलं की ती आणखी झुकते आणि गालिच्याला केसभर पुढे नेते. पाऊल उचललं की लव सावरते, पण गालिचा काही मागे येत नाही. मी कडेला रंगीत दोरा टाचून खूण केली होती. घरातले सगळे दोन्ही दिशांना ये-जा करतात, तरी गालिचा मात्र लव झुकलेल्या बाजूलाच गेला.

आता चुणीचं. तो पुढे जातो म्हणून मी पुढच्या कडेवर जड कपाट ठेवलं होतं. चूक! पुढे वाट बंद, मागून ढकलणं चालूच, मग मधलं कापड जाणार कुठे? वर. कपाट काढून सोफ्याचे पुढचे दोन पाय मागच्या कडेवर घेतले. आता लव त्याला पुढे ओढते आणि सोफा मागून धरून ठेवतो, त्यामुळे तो आपोआप ताणलेला राहतो.

—

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण प्रत्येक ठिकाणी सोफा कुठून आणणार? माझा गालिचा पलंगाच्या बाजूला, मोकळ्या जागेत आहे. तिथे दोन्ही बाजू किंचित चिकट असलेलं फेल्टचं पॅड चाललं. विकत घेताना ते कार्पेटवर चालतं असं स्पष्ट लिहिलंय का बघा. गालिच्यापेक्षा चारी बाजूंनी इंचभर लहान कापा, म्हणजे कड खाली टेकते आणि पॅड डोकावत नाही. आणि जाड घेऊ नका. मी पहिल्यांदा हौसेने जाडजूड घेतलं, तर गादीवर गादी! पाय रुतायचा आणि पावलागणिक पुढे लाट उठायची. पातळ आणि घट्ट हवं.

—

दुहेरी टेपच्या वाटेला जाऊ नका. फरशीसाठीची टेप कार्पेटला लावली, सहा महिन्यांनी उचकटली. गोंद धाग्यांत तसाच राहिला, त्यावर धूळ बसली आणि आता गालिच्याच्या आकाराची काळी चौकट मिरवतोय. घरमालकांना अजून दाखवलेली नाही.

—

वेल्क्रोची खरखरीत पट्टी गालिच्याच्या पाठीला शिवा, असा सल्ला मला मिळाला होता. धरते घट्ट, खोटं कशाला बोलू. पण आमचं कार्पेट विणीचे फास वर ठेवलेलं आहे, कापलेल्या लवेचं नाही. गालिचा उचलताना चार फास ओढून निघाले. आधी कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी लावून बघा.

—

माझा प्रश्न सरकण्याचा नव्हता, कोपरे वळण्याचा होता. नवा गालिचा वळकटी होऊन आला आणि कोपरे समोशासारखे उभे. मी शहाणपणाने इस्त्री घेतली, सुती कपड्यांच्या तापमानावर. गालिचा पॉलीप्रॉपिलीनचा निघाला. ते साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि सुतीसाठीची इस्त्री त्याच्या बरीच वर जाते. कोपरा सपाट झाला म्हणा, पण चकचकीत आणि कडक. (त्यावर आता कुंडी आहे.)

उरलेल्या तीन कोपऱ्यांना सबुरीने घेतलं. गालिचा उलट बाजूने, म्हणजे लव बाहेर ठेवून, सैलसर गुंडाळला आणि दोन दिवस तसाच ठेवला. मग पसरून कोपऱ्यांवर जाड पुस्तकं. आठवड्यात बसले. पाठीला रबराचा थर असेल तर मात्र उलटा घट्ट गुंडाळू नका, थर तडकतो.

—

पिळाच्या पिना, त्या सोफ्याचं कापड अडकवायला असतात त्या, कोपऱ्यात फिरवून बसवल्या तर छान धरतात. घरात रांगणारं बाळ नसेल तरच. आमच्याकडे व्हॅक्युम क्लीनरच्या फिरत्या ब्रशने एक पिन उपसली आणि ती कुठे गेली ते शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली. तेव्हापासून कडेला ब्रश बंद करते आणि मधून कडेकडे ओढते.

—

आई वॉकर घेऊन चालायला लागली त्या दिवशी आम्ही बोळातला गालिचा काढून टाकला. टेप, पॅड, पिना काही नाही. वॉकरचा पाय कडेत एकदाच अडकला, ती पडली नाही, एवढं पुरे झालं. खोलीतला ठेवलाय, पण तो पूर्ण पलंगाखाली जातो.

—

धागाकर्ती परत आले. हात फिरवून पाहिला, लव टीव्हीकडेच झुकलेली आहे! सोफ्याचे पाय मागच्या कडेवर घेऊन बारा दिवस झाले, चुणी नाही. सोफ्याच्या बाहेर येणारा डावा कोपरा अजून दोन बोटं तिरका होतो, तिथे पातळ पॅडचा तुकडा घालून बघते. बाकी काळ्या चौकटीवाल्यांनी घरमालकांना दाखवलं का, ते जरूर कळवा.