मदत हवी आहे: घरी जाऊन परिहारक सेवा देणाऱ्या लहान संस्थेने मानांकनाची सुरुवात कुठून करावी?

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचा धर्मादाय न्यास गेली सहा वर्षे रुग्णांच्या घरी जाऊन परिहारक सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी काळजी), देतो. एक अर्धवेळ डॉक्टर, दोन परिचारिका, एक समुपदेशक आणि गावोगावचे चौदा स्वयंसेवक एवढेच आमचे मनुष्यबळ आहे. सध्या ४१ रुग्ण आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक कर्करोगाचे, त्यातही तोंडाच्या कर्करोगाचे जास्त. बाकीचे पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले किंवा मूत्रपिंडे निकामी झालेले आहेत. एका दात्याने दिलेल्या घरात पुढील वर्षी सहा खाटांचे केंद्र सुरू करण्याचा आमचा विचार आहे.

एक कंपनी सामाजिक दायित्व निधीतून खाटांचा आणि गाडीचा खर्च द्यायला तयार आहे. मात्र संस्थेकडे राष्ट्रीय पातळीवरचे मानांकन, म्हणजे सेवेच्या दर्जाचे प्रमाणपत्र, असावे, अशी तिची अट आहे. आम्ही दोन सल्लागारांना विचारले. एकाच्या मते शुश्रूषागृहाची नोंदणी केली की काम झाले. दुसऱ्याने रुग्णालयांसाठीची तपासणी यादी हाती ठेवली, आणि तिच्यातील पहिलीच काही पाने शस्त्रक्रियागृहाबद्दल होती. आमचा रुग्ण स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर, सून आणि नातवंडांच्या गलक्यात असतो. त्याची सेवा चांगली झाली की नाही हे त्या यादीवरून कसे कळणार, हे मला खरोखरच समजलेले नाही.

हा प्रश्न केवळ निधीचा नाही. मे महिन्यात आमच्या एका रुग्णाच्या मॉर्फिनच्या गोळ्या शनिवारी संपल्या. आम्हाला मॉर्फिन ठेवण्याची मान्यता नाही, त्यामुळे त्यांचा मुलगा एका दिवसाची मजुरी बुडवून एसटीने मोठ्या शहरातील रुग्णालयात गेला. तिथे बाह्यरुग्ण विभाग सोमवारी उघडणार होता. ते दोन दिवस आमच्या परिचारिका त्या घरी आळीपाळीने बसून राहिल्या, जखमेची ड्रेसिंग करत राहिल्या, पण वेदनेवर जे औषध हवे होते तेच त्यांच्या पिशवीत नव्हते. भारतीय परिहारक सेवा संघटनेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेले आमचे आधीचे डॉक्टर गेल्या वर्षी दुसरीकडे गेले आणि नव्या डॉक्टरांचे प्रशिक्षण अजून व्हायचे आहे.

माझ्या मनात तीन शंका आहेत. केवळ घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थेला शुश्रूषागृहाची नोंदणी लागते का? परिहारक सेवेला लागू पडतील असे भारतातले स्वतंत्र निकष आहेत का? आणि नोंदणी, मॉर्फिनची मान्यता व मानांकन यांतील कोणते आधी घ्यावे? ज्यांनी ही प्रक्रिया स्वतः केली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद

ताई, मी पुण्याकडच्या एका हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या काळातील रुग्णांच्या सेवाकेंद्रात, अनेक वर्षे प्रशासनाचे काम पाहिले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. तुमच्या दोन्ही सल्लागारांनी वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली सांगितल्या आहेत.

नोंदणी ही जागेची असते. १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याचा संबंध रुग्णांना ठेवून घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जागेशी आहे; त्यामुळे तुमच्या आजच्या गृहभेटींपेक्षा उद्याच्या सहा खाटांना तो लागू होईल. त्या खाटांसाठी जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही जावे लागेल. हे काम कंटाळवाणे आहे, पण अवघड नाही.

तुमच्या मे महिन्यातील प्रसंगाशी खरा संबंध आहे तो दुसऱ्या गोष्टीचा, म्हणजे मॉर्फिनच्या मान्यतेचा. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे पूर्वी एका संस्थेला निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने घ्यावे लागत, आणि त्यातील एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे. २०१४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. पाठोपाठ २०१५ च्या नियमांनी मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे ‘अत्यावश्यक अमली औषधे’ ठरवली आणि ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून मंजुरी देण्याचा अधिकार राज्याच्या औषध नियंत्रकाकडे एकवटला. आपल्याकडे त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज करावा लागतो. वेदनाशमन व परिहारक सेवेचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक डॉक्टर संस्थेत असणे ही त्यातली कळीची अट आहे. म्हणून नव्या डॉक्टरांचे प्रशिक्षण हे तुमचे या महिन्याचे पहिले काम समजा. जमल्यास दोन डॉक्टरांना पाठवा, म्हणजे एक सोडून गेले तरी मान्यता अडचणीत येणार नाही. मान्यता मिळाल्यावर औषध किती आले, किती गेले, कोणाला दिले याची नोंद गोळीगणिक ठेवावी लागते आणि पुढील वर्षाच्या गरजेचा अंदाज ३० नोव्हेंबरपर्यंत कळवावा लागतो.

आता मानांकन. एनएबीएच, म्हणजे भारतीय गुणवत्ता परिषदेचे रुग्णालय मानांकन मंडळ, ५० खाटांपर्यंतच्या लहान संस्थांसाठी स्वतंत्र निकष देते. वेदनाव्यवस्थापन आणि अखेरच्या काळातील काळजी हे विषय एनएबीएचच्या निकषांत आहेत, पण तो साचा मुळात रुग्णालयाचा आहे. तुमच्या कामाच्या जवळचे साधन म्हणजे परिहारक सेवेसाठी काम करणाऱ्या पॅलियम इंडिया या संस्थेच्या पुढाकाराने भारतातील जाणकारांनी एकत्र बसून केलेली मानक-तपासणी सूची. तिच्यात निकषांचे ‘अत्यावश्यक’ आणि ‘इष्ट’ असे भाग आहेत आणि संस्थेने स्वतःच स्वतःची तपासणी करावी, अशी तिची रचना आहे. तोंडावाटे घेण्याचे मॉर्फिन अखंड उपलब्ध आहे का, वेदनेची नोंद प्रत्येक भेटीत होते का, काम चमूने होते की एकट्याने, कर्मचाऱ्यांच्या मनावरील ताणाकडे कोणी पाहते का, असे प्रश्न तुमच्या परिचारिकांना लगेच ओळखीचे वाटतील.

माझे स्पष्ट मत असे, की ज्या संस्थेत मॉर्फिन नाही तिच्या भिंतीवर कोणतेही प्रमाणपत्र लावले तरी कर्करोगाच्या रुग्णाला त्याचा उपयोग नाही. कंपनीला लेखी आराखडा द्या: पहिल्या वर्षी प्रशिक्षण, मॉर्फिनची मान्यता आणि मानक-तपासणी सूचीनुसार स्वयंतपासणीचा अहवाल, खाटा सुरू झाल्यावर एनएबीएचच्या प्रवेशस्तरासाठी, म्हणजे पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रासाठी, अर्ज. महाराष्ट्राने परिहारक सेवेचे धोरण २०१२ मध्येच स्वीकारले आहे आणि केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रमही त्याच वर्षीचा आहे, याचा उल्लेख आराखड्यात जरूर करा. निधी देणाऱ्यांना त्याने धीर येतो.

धागालेखिकेचे उत्तर

दादा, मनापासून आभार. आज संध्याकाळी विश्वस्तांसमोर तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला आणि दोन डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचे शुल्क न्यासाने भरायचे ठरले. मे महिन्यातील त्या रुग्णाचा मुलगा आता आमच्याकडे स्वयंसेवक म्हणून येतो; गोळ्यांच्या नोंदवहीचे काम मला द्या, असे त्याने स्वतःहून सांगितले आहे.

आणखी एक विचारते. आम्ही आजवर मॉर्फिन दिलेलेच नाही, तर पहिल्या वर्षाच्या गरजेचा अंदाज कशाच्या आधारे मांडावा? आमच्याकडे सहा वर्षांच्या गृहभेटींच्या वह्या आहेत. त्यांत प्रत्येक रुग्णाची वेदना शून्य ते दहा अशी लिहिलेली आहे आणि बाहेरून मॉर्फिन आणणाऱ्यांचे डोसही नोंदलेले आहेत. तेवढ्यावरून अंदाज धरला तर चालेल, की शेजारच्या एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेचे प्रत्यक्ष वापराचे आकडे मागून घेणे अधिक योग्य ठरेल?