मदत हवी आहे: उजनी जलवाहिनीचा पुढच्या 30 वर्षांचा खर्च कसा मोजायचा?

सोलापूरच्या आमच्या अभ्यास गटात सरकारी बांधकाम खर्चावर मांडणी करायची आहे. केंद्राने 2024-25 च्या अर्थसंकल्पात भांडवली खर्चासाठी 11.11 लाख कोटींची तरतूद केली, शिवाय राज्यांना 50 वर्षांची बिनव्याजी कर्जं दिली. काम चालू असतं तेव्हा सिमेंट, लोखंड, मजुरी यातून पैसा फिरतो, हे पटतं. पुढचं गणित मात्र जमत नाहीये.

उदाहरण म्हणून उजनी धरण ते सोलापूर ही शंभरेक किलोमीटरची नवी समांतर जलवाहिनी घेतली आहे. पाइप एकदाच टाकायचा असतो, पण पाणी उपसायची वीज रोज लागते. पंपांची दुरुस्ती आणि गळती आहेच. खरा बोजा इथेच आहे असं मला ठामपणे वाटतं.

पालिकेच्या अंदाजपत्रकाचा गोषवारा वाचला. त्यात पाणीपुरवठ्याचा खर्च एकत्रच दिसतो. उजनी, टाकळी आणि हिप्परगा या शहराच्या तीन पाणीस्रोतांचे आकडे वेगळे काढता येत नाहीत. कॅगचे अहवालही चाळले. माहिती अधिकारात अर्ज करायची तयारी आहे, पण मोघम मागितलं तर उत्तरही मोघमच येणार.

मी वाणिज्य शाखेचा, त्यामुळे घसारा, व्याज समजतं, अभियांत्रिकी नाही. राजकीय वाद नकोत, पद्धत हवी आहे.

पालिकेच्या लेखा विभागात किंवा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणात (राज्याच्या पाणीपुरवठा योजना करणारी संस्था) काम केलेलं कुणी आहे का? अर्जात नेमकी कोणती लेखाशीर्षं (हिशेबातली खर्चाची खाती) आणि नोंदी मागू? आणि पंप व पाइप यांचं आयुष्य किती वर्षं धरतात?