बुखारीचा धूर, दम्यासारखा त्रास आणि माजी सैनिकाचा दावा

प्रश्न (खानापूर तालुका, जि. बेळगाव)
माझे थोरले काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांनी अनेक हिवाळे लडाखच्या चौक्यांवर काढले. तिथे बंद बंकरमध्ये रॉकेलची बुखारी (ऊब देणारी शेगडी) रात्रभर पेटती असे आणि सकाळी नाकातून काजळी निघे. चौकीचा कचरा, त्यात प्लास्टिकसुद्धा, उघड्या खड्ड्यात जाळला जाई. निवृत्तीनंतर ते बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) रखवालदार आहेत. आता घराच्या पायऱ्या चढतानाही त्यांना दम लागतो. छातीचा एक्स-रे निर्दोष आला आणि डॉक्टरांनी सारा दोष फाउंड्रीच्या धुळीवर टाकला. अमेरिकेत अशा धुराने आजारी पडलेल्या सैनिकांसाठी कायदा आहे, असे वाचले. आपल्याकडे काय करता येईल?

उत्तर (छातीरोगतज्ज्ञ, बेळगाव)
एक्स-रे निर्दोष आहे म्हणून फुफ्फुसे निर्दोष आहेत, असे धरून चालू नये. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात इराक व अफगाणिस्तानातून परतलेल्या, दम लागणाऱ्या 80 सैनिकांची तपासणी झाली. त्यांपैकी 49 जणांच्या फुफ्फुसाचा तुकडा काढून पाहिला, तेव्हा 38 जणांच्या अगदी बारीक श्वासनलिका आकसलेल्या आढळल्या. एक्स-रे मात्र त्या 38 जणांचेही सामान्यच होते. त्या 38 पैकी 28 जण 2003 मध्ये इराकमधील गंधकाच्या आगीच्या धुरात सापडले होते. काकांच्या बाबतीत एकदम बायोप्सीकडे वळण्याचे कारण नाही. आधी स्पायरोमेट्री (फुंकून करायची श्वासक्षमतेची चाचणी), डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो याची चाचणी) आणि गरज भासल्यास एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) करावे. फाउंड्रीच्या वाळूतील सिलिका घातक असते, हे खरेच. पण फाटकावर बसणारा आणि मोल्डिंगच्या खात्यात राबणारा यांच्या श्वासात जाणारी धूळ सारखी नसते. म्हणून लडाख, फाउंड्री आणि विडीची सवय असल्यास तीही, असा पूर्ण इतिहास डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून घ्यावा, असा आग्रह धरा.

उत्तर (निवृत्त सुभेदार, निपाणी)
अमेरिकेतील पॅक्ट कायद्यावर ऑगस्ट 2022 मध्ये सही झाली. ठरलेल्या प्रदेशांत सेवा केलेल्या सैनिकाला यादीतील आजार झाला, तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरले जाते आणि संबंध सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर राहत नाही. आपल्याकडे सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनसाठी धुराच्या आजारांची अशी यादी नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या धरमवीर सिंग प्रकरणात सांगितले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर संशयाचा फायदा सैनिकाला मिळावा. परंतु ते प्रकरण आजारामुळे सेवेतून काढलेल्या जवानाचे होते. निवृत्तीनंतर उघड झालेल्या विकारासाठी तो सेवेत सुरू झालेल्या प्रक्रियेचा उशिरा दिसलेला परिणाम आहे, हे वैद्यकीय मंडळाला पटवावे लागते, आणि मुदतीचा प्रश्नही येतो. त्यामुळे वेळ दवडू नका. ज्याने बर्फात चौकी राखली त्याने उतारवयात पुरावे गोळा करत फिरावे, हे मला मनापासून अन्यायाचे वाटते. तरीही आज कागदच कामी येणार आहे. रिलीज मेडिकल बोर्डाच्या (निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीच्या) अहवालाची प्रत, खोकल्यासाठी रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी आणि कोणत्या हिवाळ्यात कोणत्या चौकीवर होते याचा तपशील मागवा. रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, ही आपली मोठी सोय.

प्रश्नकर्ता
काकांच्या लष्करातील कंपनीतले दोघे चंदगड तालुक्यात राहतात. ते महाराष्ट्रात असल्याने त्यांची साक्ष चालेल का?

उत्तर (निवृत्त सुभेदार, निपाणी)
निश्चित चालेल. पेन्शन केंद्र सरकारची असल्याने राज्याच्या सीमेचा इथे संबंध येत नाही. त्यांनी आपापल्या गावाजवळच्या नोटरीपुढे प्रतिज्ञापत्र करावे. बंकर केवढा होता, बुखारी किती तास जळे, कचरा कुठे जाळत, हे प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत लिहावे. एकच मजकूर दोघांच्या सहीने दिला तर त्याचे वजन कमी होते. अर्ज भरण्यासाठी काका बेळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊ शकतात. दाव्याचा निकाल लागेपर्यंत उपचार मात्र थांबवू नका. ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) कार्ड असल्यास त्या योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून छातीच्या तज्ज्ञाकडे रेफरल मिळते.

उत्तर (छातीरोगतज्ज्ञ, बेळगाव)
तपासण्या होईपर्यंत काकांना फाउंड्रीच्या कामावरून रजा घ्यायला सांगा, आणि ऊसतोडीनंतर शिवारात पाचट जाळतात त्या दिवसांत त्यांना तिकडे फिरकू देऊ नका.