स्वतःच्या शांतीसाठी ध्यान केलं तर दुसऱ्याबद्दल माया वाढते का?

रानजाई:
दोन वर्षांपूर्वी इगतपुरीला धम्मगिरी या केंद्रात विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर केलं. झोप उडाली होती, म्हणून गेले. झोप परत आली. पण घरी पहाटे ध्यानाला बसलं की सासूबाईंचा मिक्सर सुरू व्हायचा आणि मी धाडकन दार लावून घ्यायचे. त्यांचे गुडघे सुजले होते, ओट्याला कोपर टेकून उभ्या असायच्या. ते मला पंधरा दिवस दिसलंच नाही! शिबिरात दहाव्या दिवशी मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, शिकवतात, मग मौन सुटतं. माझं सगळं लक्ष फोन कधी हातात येतो याकडे. माझं मत झालंय, स्वतःपुरतं बसलं की स्वतःपुरतंच मिळतं.

कोयनाकाठ:
साफ असहमत. हेतू शुद्ध झाल्यावरच बसायचं तर कुणी बसणारच नाही. ही शिबिरं सुरू करणारे गोयंका गुरुजी स्वतः मायग्रेनने बेजार होऊन या वाटेला लागले.
बोस्टनमधला 2013चा प्रयोग बघा. आठ आठवडे ध्यान केलेल्यांना एकेक करून प्रतीक्षागृहात बसवलं. कुबड्या घेतलेली बाई आली, खुर्ची रिकामी नाही. ध्यान न केलेल्यांपैकी 16 टक्के उठले, केलेल्यांपैकी 50. ते सगळे काय परोपकारासाठी ध्यानाला आले होते?

रानजाई:
गुरुजींचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. डोकेदुखीसाठी येत असाल तर घेणार नाही, असं त्यांचे ब्रह्मदेशातले गुरू सयाजी ऊ बा खिन यांनी त्यांना सांगितलं होतं. मनाच्या शुद्धीसाठी यायचं कबूल केल्यावर 1955 मध्ये शिबिरात घेतलं.

पिंपळपान:
यात 2021चा बफेलो विद्यापीठाचा अभ्यास हवाच. ध्यान तेच, पण स्वतःला सुटं समजणारे त्यानंतर मदतीला कमी पुढे आले; नात्यागोत्यात बघणारे जास्त. पुढच्या प्रयोगात ध्यानाआधी थोडा वेळ ‘मी’ऐवजी ‘आपण’ असा विचार करायला लावला, तेवढ्यानेही फरक पडला. म्हणजे मैत्री भावना शेवटी उरकण्यापेक्षा बसण्याआधी दोन मिनिटं केली तर?

कोयनाकाठ:
आधी करा, नंतर करा, पण हेतूची परीक्षा घेऊन कुणाला दारातून परत पाठवू नका. माझे वडील बीपीसाठी बसायला लागले. वर्षभर फक्त बीपीच मोजायचे. मग एके दिवशी, बारा वर्षं बोलणं बंद असलेल्या काकांकडे आपण होऊन जाऊन आले. कुणी सांगितलं नव्हतं. रानजाई, पंधरा दिवसांवरून निकाल लावू नका.

रानजाई:
ते वर्ष सासूबाईंनी काढायचं का, कोयनाकाठ?