थेंब पसरला, पण अँटिबॉडी जोडली गेली का?

एका प्रतिसादात म्हटलंय की पॉलिस्टायरीनवर (एक प्रकारचं प्लास्टिक) यूव्ही लेसर मारल्यावर पाण्याचा थेंब पसरतो, म्हणजे अँटिबॉडी (ठरावीक रेणूला पकडणारं प्रथिन) त्यावर पक्की बसणारच. इथे थोडी भर घालतो. १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर बंध तोडतो आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे पृष्ठभागावर कार्बोक्सिल, हायड्रॉक्सिल असे पाणी ओढणारे रासायनिक गट येतात, हे खरंच. पण प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्यांचे तुटके, ऑक्सिडाइझ झालेले बारीक तुकडेही तिथेच पडून राहतात. थेंब त्यांच्यावरही छान पसरतो. अँटिबॉडी मात्र त्यांना धरून बसली, तर कच्च्या रंगाच्या चादरीसारखं पहिल्याच धुण्यात सगळं वाहून जातं. म्हणून लेसरनंतर नमुना आधी नीट धुवा, मगच कॉन्टॅक्ट अँगल (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन; थेंब पसरला की तो लहान होतो) मोजा.

दुसरं, आपल्या सोलापूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना तयार नमुने टेबलावर तसेच ठेवू नका. उष्णतेने साखळ्यांची हालचाल वाढते, ते पाणी ओढणारे (ध्रुवीय) गट आत वळतात आणि पृष्ठभाग पुन्हा पाणी झटकू लागतो. जमलं तर त्याच दिवशी अँटिबॉडीची जोडणी उरका.

ईडीसी-एनएचएस (पृष्ठभागावरचे कार्बोक्सिल गट अँटिबॉडीच्या अमाइन गटांशी जोडणारी रसायनं) वापरताना ट्रिस किंवा ग्लायसिनचं बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) अजिबात नको, त्यांचे अमाइन गटच जागा अडवून बसतात. आणि कृपा करून एक नमुना ईडीसी न घालता कराच. दोन्ही ट्वीन-२० (सौम्य साबणासारखं रसायन) घातलेल्या बफरने सारखेच धुवा. दोन्हीकडे अँटिबॉडी किती उरली ते दाखवणारा सिग्नल तेवढाच आला, तर अँटिबॉडी नुसती चिकटलीय, रासायनिक बंध झालेला नाही.