मदत हवी आहे: वडोदरा, वरच्या मजल्यावरच्या सुनेसाठी. तिला गुजराती येत नाही

नमस्कार. आम्ही तीन पिढ्या वडोदऱ्यात आहोत. भाग कुठला ते मुद्दाम लिहीत नाही.

वर एक मराठी कुटुंब राहतं. सून मिरजेकडची, लग्नाला चार वर्षं झाली, तीन वर्षांची मुलगी आहे. नवरा मारतो. मागच्या महिन्यात रात्री अकराला ती लहानगी इतकी किंचाळत होती की समोरच्यांनी पोलिसांना फोन केला. दोन शिपाई आले, दोघेही पुरुष. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "शुं थयुं, बेन?" ती मराठीत काहीतरी पुटपुटली. तेवढ्यात सासू पुढे झाली आणि अस्खलित गुजरातीत म्हणाली, "कंई नथी थयुं, साहेब. रिसाई गई छे." (काही झालं नाही, रुसली आहे.) पाच मिनिटांत समाधान झालं. (बाहेरगावच्यांसाठी: इकडे समाधान म्हणजे तडजोड.) मारणाऱ्याच्या आईनेच तिची दुभाषी व्हावं आणि ते कुणालाच खटकू नये!

मी जिन्यातच उभी होते. मला दोन्ही भाषा येतात, तरी पाऊल पुढे पडलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा परत द्यायला आली तेव्हा म्हणाली, "काकू, मला बोलायला आलंच नाही हो." तेव्हापासून मला झोप नाही.

१८१ अभयम या बायकांसाठीच्या हेल्पलाइनबद्दल ऐकून आहे. कुणाला अनुभव आहे का? शेजारीण म्हणून मी फोन करू शकते का? फोन केला की लगेच केस होते का? तिला भीती अशी की नवऱ्याला रात्री नेतील, सकाळी सोडतील, आणि मग दार बंद करून तो तिला बघून घेईल.

प्रतिसाद

काकू, मी गुजरातमध्येच समुपदेशक म्हणून काम केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

१८१ ही हेल्पलाइन ८ मार्च २०१५ पासून सगळ्या गुजरातमध्ये आहे, चोवीस तास आणि मोफत. गरज असेल तर व्हॅन येते. तिच्यात समुपदेशक बाई असते आणि सोबत महिला पोलीस. पोलीस असल्यामुळे दार उघडतं, आणि समुपदेशक असल्यामुळे आतली बाई बोलते. दोघींपैकी एकटीने गेलं तर काम अर्धवट राहतं, हे मी कितीदा पाहिलंय. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने १९८४ मध्ये पोलिसांच्याच आवारात समाजकार्यकर्त्या बसवून विशेष कक्ष सुरू केला, तो याच विचाराने.

फोन केला म्हणजे गुन्हा दाखल झाला असं नाही. फोनवर पहिलं वाक्य हेच सांगा की बाईला मराठीच येतं आणि घरच्यांना दुभाषी करू नका. व्हॅन आली की तिच्याशी वेगळ्या खोलीत बोलायला सांगा आणि दुभाषी म्हणून तुम्ही थांबा. फक्त तिचे शब्द जसेच्या तसे सांगा, आपलं मत त्यात मिसळू नका. हे वाटतं त्याहून अवघड असतं.

आणि तिला विचारल्याशिवाय व्हॅन बोलावू नका. जिवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा थांबायचं नाही. व्हॅन निघून गेल्यावरची रात्र सगळ्यात धोक्याची असते. त्या रात्री ती कुठे असेल हे आधी ठरवा. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये मुलीला घेऊन पाच दिवसांपर्यंत राहता येतं, तिथेच उपचार, वकील आणि पोलिसांची मदत मिळते. आधार कार्ड, लग्नाचा आणि मुलीच्या जन्माचा दाखला तुमच्याकडे आणून ठेवायला सांगा, नवऱ्याच्या कपाटात नको. मार लागला तर सयाजी हॉस्पिटलला जा. तिथे "पडले" म्हणू नये, कुणी मारलं ते सांगावं. तो केसपेपर पुढे उपयोगी पडतो.

प्रतिसाद

मी वकील आहे, कायद्यापुरतं सांगतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ नुसार कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला (याच कायद्याखाली नेमलेला अधिकारी) माहिती देऊ शकतं, आणि चांगल्या हेतूने दिली असेल तर तुमच्यावर कारवाई होत नाही. ती भीती काढून टाका.

या कायद्यात नवऱ्याला अटक करवणं भाग नाही. कलम १२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला की मारहाण थांबवण्याचा, घरात राहू देण्याचा, खर्चाचा आदेश मिळू शकतो. मारहाण थांबवण्याचा आदेश मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत मिळावी असं कायदा म्हणतो. पुढे वेळ लागतो, त्याची तयारी ठेवा. ती माहेरी गेली तर मिरजेतही अर्ज करता येतो. नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं जुनं कलम ४९८अ आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे, ती फिर्याद तिला वेगळी देता येते. बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी १५१०० वर फोन करा.

धागाकर्तीचं उत्तर

दोघांचेही आभार. आज दुपारी ती विरजण मागायला आली तेव्हा तिला हे सगळं वाचून दाखवलं. कलम ४ तिने दोनदा वाचायला लावलं, मला काही होणार नाही ना म्हणून. स्वतःचं सोडून माझी काळजी.

कागद उद्या आणून देते म्हणाली. गुरुवारी संध्याकाळी सासू दत्ताच्या देवळात जाते, नवरा कामावर असतो. तेव्हा माझ्या घरी, माझ्या फोनवरून १८१ लावायचा असं ठरलंय. तिचा फोन रोज तपासला जातो.

एकच राहिलं. कोर्टात मी दर तारखेला असेनच असं नाही, गुडघ्यांमुळे. वडोदऱ्यात मराठी आणि गुजराती दोन्ही नीट येणारी, तिच्यासोबत बसू शकणारी कुणी बाई असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा.