निव्वळ पोरखेळ म्हणण्याआधी
‘प्राण्यांचे सोंग घेऊन मिरवणे हा निव्वळ पोरखेळ’ हे ‘फरीं’विषयीचे, म्हणजे माणसांसारखे बोलणाऱ्या-वागणाऱ्या प्राणी-पात्रांच्या चाहत्यांविषयीचे, मत मला अपुरे वाटते. २००६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाहून पिट्सबर्गला आलेले ‘अँथ्रोकॉन’ हे फरी संमेलन प्राण्यांसाठी झटणाऱ्या संस्थांकरिता देणग्या गोळा करत आले आहे. त्याची मिरवणूक पाहायला सामान्य नागरिकही मुलाबाळांसह रस्त्याच्या कडेला उभे राहतात. मला मात्र अधिक मोलाची वाटते ती आपसांतील काळजी. जाड फरच्या पोशाखात जीव उकडतो आणि नीट दिसतही नाही, म्हणून सोबतीला हात धरून चालवणारा एक जण असतो, आणि मुखवटा उतरवून पंख्यासमोर पाणी पीत बसायला स्वतंत्र खोली राखलेली असते. एरवी चारचौघांत बुजणारी माणसे अशाच ठिकाणी बोलती होतात.